माळ्यावरचे तीन संगणक: कुठला ठेवायचा, कुठला द्यायचा, कुठला मोडीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या घरी तीन संगणक पडून आहेत. एक २००५ चा पेंटियम ४ डेस्कटॉप, जाडजूड सीआरटी मॉनिटरसकट, मुलाच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला. दुसरा २०१३ चा लॅपटॉप, आय-थ्री, ४ जीबी रॅम, सुरू व्हायला दहा मिनिटं घेणारा. तिसरा २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. तो नीट चालतो, पण विंडोज ११ घेत नाही. भंगारवाला तिन्हींचे मिळून दीड हजार द्यायला तयार आहे. राजापूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला पहिले दोन द्यावेत आणि २०१७ चा घरी ठेवावा असं तुमच्या मनात आहे.

बरोबर उलट करा. २०१७ चा शाळेला द्या, २०१३ चा घरी ठेवा नाहीतर शेजारपाजारी द्या, आणि पेंटियम कुणालाही न देता रीसायकलरकडे पाठवा.

जुने संगणक दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणं हाच माझा धंदा आहे, आणि देणगी देणारे जवळजवळ सगळे तुमच्यासारखाच विचार करतात: चांगलं आपल्याला, उरलेलं शाळेला. यात मनाचा कोतेपणा नसतो, हिशेब चुकतो. पुण्यात लॅपटॉप रुसला तर तासाभरात दुरुस्तीचं दुकान गाठता येतं. गावच्या शाळेतला रुसला तर गुरुजींना सुट्टी काढून तालुक्याला जावं लागतं, पार्ट रत्नागिरीहून किंवा कोल्हापुरातून मागवावा लागतो, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून टाकायचे हा प्रश्न उरतोच. म्हणून दुरुस्तीपासून जितकं लांब, तितकं यंत्र धडधाकट हवं. कुरकुरणारं यंत्र, ज्याला त्याचे नखरे माहीत आहेत त्याच्याच जवळ राहावं.

शाळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. सरकारी शाळेत वस्तू आली की ती डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढते. एकदा चढली की बंद पडल्यावर मुख्याध्यापक ती सहज बाहेर काढू शकत नाहीत, निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून नाव कमी करण्याची, रीतसर प्रक्रिया करावी लागते. कागदपत्रांच्या भीतीनं ते काम वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं. कित्येक शाळांत एक खोली किंवा निदान एक कपाट अशा मेलेल्या संगणकांनी अडलेलं तुम्हाला दिसेल. प्रत्येकाबरोबर देणगीदाराचा फोटोही काढलेला असतो. तुमचा पेंटियम तिथे गेला तर वर्षभरात त्याच कपाटात जाणार, आणि तिथून रीसायकलरपर्यंतचा रस्ता पुण्याहून आहे त्यापेक्षा कितीतरी लांबचा आणि अवघड.

पेंटियमचंच आधी संपवू. तो चालू होतो म्हणून तो कामाचा आहे असं नाही. टॉवर शंभर वॉटच्या आसपास खाणार, सीआरटी मॉनिटर आणखी सत्तर-ऐंशी. रोज पाच-सहा तास चालवला तर दिवसाला एक युनिट. वीजबिल थकलं म्हणून मीटर कापलेल्या शाळांच्या बातम्या आपण वाचतोच. शिवाय त्यावरच्या विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट देणं, मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला काढला, क्रोमनं २०१६ मध्ये एक्सपीला सोडलं. यू-डायस प्लस, सरल, शालार्थ ही शाळेची रोजची कामं आता ब्राउझरवर होतात. त्या यंत्रावर यातलं एकही पान धड उघडणार नाही. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकून जगवता येतो, हे खरं. हौस म्हणून जरूर करा, पण दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. लिनक्सवाल्यांनीही आता ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरच्या, यंत्रांना निरोप द्यायला सुरुवात केली आहे. मिंट या लिनक्सच्या प्रकारानं २०२० मध्येच मुख्य आवृत्ती फक्त ६४ बिटची केली आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ या दुसऱ्या प्रकारात ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही.

मोडीत काढण्यापूर्वी त्यातलं सामान मात्र काढून घ्या. २००५ च्या डिस्कवर सहसा लग्नाचे, बारशाचे फोटो असतात, जे दुसरीकडे कुठेच नसतात. हार्डडिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरनं जोडायची. त्या काळच्या बऱ्याच डिस्कना रुंद पट्टीची आयडीई केबल असते, तेव्हा आयडीई आणि साटा दोन्ही चालणारा अडॅप्टर मागा. घरात कुणी डीटीपीचं काम करत असेल तर श्रीलिपीत (जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलेल्या फाइली आत्ताच, ते यंत्र आणि त्याचा डाँगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावायची किल्ली) जिवंत असताना, युनिकोडमध्ये बदलून घ्या. नंतर त्या उघडतील, पण ‘नमस्कार’च्या जागी नुसती चिन्हं दिसतील. छोट्या छापखान्यांतले एक्सपीवाले संगणक एवढ्याचसाठी अजून जिवंत ठेवलेले असतात, आणि त्यात गैर काही नाही. इंटरनेटची वायर काढून ठेवा, बस.

आता २०१७ च्या लॅपटॉपकडे. त्याच्यात खोट नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा सातव्या पिढीचा, एवढाच त्याचा गुन्हा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवता येतात, पण ती नुसती सवड आहे. तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे दुकानदार भेटतील. स्वतःच्या यंत्रावर करायचं तर करा. शाळेच्या यंत्रावर मी करत नाही, कारण पुढच्या एखाद्या मोठ्या अपडेटला ते अडलं की निस्तरायला तिथे कुणी नसतं.

माझी रीत अशी. आतली फिरणारी हार्डडिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकायची आणि त्यावर लिनक्स मिंट. फक्त ब्राउझरच वापरायचा असेल तर गूगलचं क्रोमओएस फ्लेक्सही चालेल, मात्र ते इंटरनेटवाचून लंगडं पडतं आणि गावात रेंज कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडता येतो, लिब्रेऑफिसच्या मेन्यूसुद्धा मराठीत करता येतात. त्यावर किविक्स हे ॲप टाकून मराठी विकिपीडिया भरून द्या, तो इंटरनेटशिवाय चालतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवरून पीडीएफ उतरवून इयत्तावार फोल्डर करून ठेवा. हे तुमच्या पुण्यातल्या वायफायवर एका संध्याकाळचं काम आहे. शाळेत मोबाइलच्या डेटावर ते कुणी करणार नाही.

प्रिंटरची आधी चौकशी करा. शाळेत एचपीचा लेझरजेट १०२० असेल तर मिंटवर चालतो, फक्त एचपीचं एक प्लगइन उतरवावं लागतं, तेही पुण्यातूनच टाकून द्या. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर लिनक्सवर तो डोकेदुखी आहे. गुरुजींची रोजची छपाई त्यावर असेल तर तो जुन्या यंत्राला लागलेला आहे तसाच राहू द्या आणि हा लॅपटॉप मुलांसाठी ठेवा.

लॅपटॉपची बॅटरी गेली असेल तर नवी घालूनच द्या. या एका खर्चावर हात आखडू नका. कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. बॅटरी असलेला लॅपटॉप म्हणजे यूपीएससकट संगणक, आणि बॅटरी नसलेला दर झटक्याला धाडकन बंद पडणार. अर्थात लॅपटॉपमध्ये एक धोका आहे. चोरीच्या भीतीनं तो कपाटात जातो आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी. म्हणून नेण्याआधी फोन करून सरळ विचारा: कुठल्या वर्गात ठेवणार, कोण शिकवणार, किल्ली कुणाकडे? उत्तर गुळमुळीत आलं तर गावच्या वाचनालयाला किंवा अकरावी-बारावीतल्या एखाद्या पोरीला द्या. संस्थेला दिलं तरच दान झालं असं थोडंच आहे! कॉलेजचे फॉर्म, शिष्यवृत्ती, एमपीएससीचा अभ्यास, सगळं मोबाइलच्या पडद्यावर करणारी मुलं तुमच्याच गावात, तुमच्याच सोसायटीत आहेत.

शाळेलाच द्यायचं ठरलं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या नावानं एक साधं पत्र द्या. मॉडेल, सिरियल नंबर, आत काय टाकलं आहे, पासवर्ड काय, आणि अडलं तर फोन कुणाला करायचा. ‘माझा आणि भाच्याचा’ असे दोन नंबर लिहिलेत तर उत्तम. आयकराची आशा धरू नका, वस्तूच्या रूपानं दिलेल्या देणगीला वजावट मिळत नाही.

२०१३ चा आय-थ्री सगळ्यात मजेशीर, कारण सगळे त्यालाच मेलेला समजतात. दहा मिनिटं घेतो ती हार्डडिस्कमुळे. एसएसडी घाला, रॅम ४ ची ८ करा, मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, मिनिटभराच्या आत काम करायला तयार होतो. रॅम घेताना जपून: त्या पिढीच्या लॅपटॉपना डीडीआर-३ लागते, आणि त्यातही बऱ्याच वेळा १.३५ व्होल्टची ‘एल’ लिहिलेली. जुनी पट्टी खोलून दुकानात घेऊन जा, तोंडी सांगू नका. जुन्या बाजारातही मिळते, बुधवारी आणि रविवारी, पण तिथे परतीची हमी नसते.

एक बारीक गोष्ट दाखवतो, कारण नुसत्या तिच्यापायी चांगली यंत्रं भंगारात जाताना मी बघतो. बरेच दिवस पडून राहिलेला संगणक चालू केला की इंटरनेट ‘चालत नाही’. वायफाय जोडलेलं असतं, पण प्रत्येक पानावर ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा. माणूस म्हणतो, व्हायरस. घड्याळाकडे बघा: १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी उतरलेली असते, तारीख मागे जाते, आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्या तारखेच्या हिशेबानं अजून सुरूच झालेली नसतात. म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. सेल किराणा दुकानातही मिळतो. डेस्कटॉपला तो बदलणं दोन मिनिटांचं, काही लॅपटॉपना मात्र खालचं झाकण काढावं लागतं. तसंच डेस्कटॉप चालू केल्यावर नुसता बीप-बीप करून पडदा काळाच राहिला तर वायर काढून रॅमची पट्टी बाहेर काढा, सोनेरी दातांवरून पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं फिरवा, कण झटका आणि पट्टी टक आवाज येईपर्यंत बसवा. दमट हवेत त्या दातांवर पापुद्रा धरतो. दुकानात यालाच ‘सर्व्हिसिंग’ म्हणून पैसे घेतात.

आता माहिती पुसणं. ‘फॉरमॅट मारला, गेलं सगळं’ हा गैरसमज अजून तसाच आहे. क्विक फॉरमॅट फक्त यादी पुसतो, फाइली जागच्या जागी असतात आणि फुकटच्या सॉफ्टवेअरनं परत येतात. त्यात पॅन, आधारच्या स्कॅन, बँकेची स्टेटमेंट आणि ब्राउझरनं लक्षात ठेवलेले पासवर्ड. तुमच्या तिन्ही यंत्रांत फिरत्या हार्डडिस्क आहेत, त्यामुळे उपाय सोपा आहे. डिस्क बाहेरून दुसऱ्या विंडोज संगणकाला जोडा, फॉरमॅटच्या खिडकीत ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढा आणि फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून असा पूर्ण फॉरमॅट त्या भागावर शून्यं लिहितो. डिस्कचे सी, डी असे भाग असतील तर प्रत्येकावर करावं लागेल. १ टीबीला साधारण तीन तास, जुन्या यूएसबी पोर्टमधून केलंत तर रात्रभर. एकदा लिहिलं की पुरे, सात-सात वेळा लिहायची गरज नाही. डिस्क निवडताना मात्र दोनदा बघा, घरचीच उडवली तर परत यायची नाही.

एसएसडीला ही युक्ती भरवशाची नाही. तिचा कंट्रोलर झीज वाटून घेण्यासाठी नवं लिखाण दुसऱ्याच कप्प्यात ठेवतो, जुनं कुठेतरी राहून जातं. तिथे उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधलं किंवा बायोसमधलं (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधलं) ‘सिक्युअर इरेज’ वापरा. मॅकबुक देणार असाल तर आधी ‘फाइंड माय’ बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडा, नाहीतर घेणाऱ्याच्या हाती कुलूपबंद डबा पडेल.

पेंटियमची डिस्क वाचतच नसेल तर ड्रिलनं आरपार दोन-तीन भोकं पाडा. लॅपटॉपच्या लहान डिस्कवर हा प्रयोग करताना डोळ्यांना चष्मा हवा, कारण त्यातल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटून उडतात.

राहिला भंगारवाला. त्याला शिव्या घालायच्या नाहीत मला. आपण फेकलेलं वेचून, निवडून, विकून जगणारी ही माणसं जेवढा पुनर्वापर करतात तेवढा आपल्यापैकी कुणी करत नाही. अडचण पुढच्या टप्प्यांवर आहे. तुमच्या दीड हजारांत त्याला तांबं, ॲल्युमिनियम, पत्रा आणि मदरबोर्ड दिसतोय. केबल जाळून तांबं काढतात, त्या पीव्हीसीच्या धुरात डायॉक्सिन ही विषारी रसायनं असतात. बोर्ड हातोहात दिल्लीच्या सीलमपूरपर्यंत आणि मुरादाबादपर्यंत जातात, तिथे भाजून आणि आम्लात बुडवून धातू काढले जातात. मुरादाबादला रामगंगेच्या काठी या राखेचे ढीग पडत आले आहेत. सीआरटीच्या मागच्या नरसाळ्यात शिशाची काच असते, तिला गिऱ्हाईक नाही. आतलं तांब्याचं वेटोळं काढून नळी कुठेतरी फोडून टाकली जाते.

कायद्यानं याची वाट आखून दिली आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत उत्पादक कंपन्यांवर पुनर्चक्रीकरणाचं लक्ष्य घातलं आहे: पहिली दोन वर्षं ६० टक्के, २०२५-२६ पासून ७०, २०२७-२८ पासून ८०. त्यासाठी कंपन्या नोंदणीकृत रीसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेतात. ती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर बेतलेली आहेत. म्हणूनच रीसायकलर तुमचा टॉवर हसत घेईल आणि मॉनिटर बघून तोंड वाकडं करेल, कधी तो न्यायचे उलट पैसे मागेल. मागितले तर द्या. मॉनिटर आणि टॉवर एकत्रच द्यायचे अशी अट घातली की बहुधा जमतं.

नोंदणीकृत रीसायकलरची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर आहे. घ्यायला आलेल्याला नोंदणीचं नाव विचारा आणि तिथे पडताळा. डेल, एचपी, लेनोवो यांच्या भारतातल्या संकेतस्थळांवर जुनं यंत्र परत घेण्याची सोय असते. पुण्यात असल्यामुळे तुमचं काम आणखी सोपं आहे. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचरा आणि अवजड वस्तूंसाठी वेळोवेळी संकलन ठेवते, आणि पूर्णम इकोव्हिजनच्या ‘ई-यंत्रण’ मोहिमेत दुरुस्त होण्याजोगे संगणक वेगळे काढून शाळांना दिले जातात. तुमच्या वॉर्डातली तारीख विचारून घ्या. घंटागाडीत मात्र यातलं काही टाकू नका, रिमोटचा सेलसुद्धा नाही.

एक धोक्याची सूचना, ही उद्यावर टाकू नका. २०१३ च्या लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसतोय का, झाकण नीट मिटत नाही का, तो सपाट टेबलावर डुगडुगतो का, हे आजच बघा. तसं असेल तर आतली लिथियम बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. ती बाहेर निघत असेल तर काढून तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, माळ्यावरच्या रद्दीपासून लांब, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि रीसायकलरला ‘बॅटरी फुगलेली आहे’ असं आधी सांगून द्या. आतच बसवलेली असेल तर स्वतः न उचकटता अख्खा लॅपटॉप दुकानात न्या.

पाठवायची वेळ निवडता येत असेल तर दिवाळीनंतर. जून ते सप्टेंबर बंद खोलीत ठेवलेल्या यंत्राला कोकणात बुरशी धरते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दिलेलं यंत्र पहिला पावसाळा खोक्यातच काढतं. तोवर घरी रोज तासभर चालवून बघा. काही निघायचं असेल तर पुण्यात निघू दे. आणि चार्जरवर कागदाची पट्टी चिकटवून तो कुठल्या लॅपटॉपचा ते लिहून ठेवा. शाळेत पाच चार्जर असतात, पिन सगळ्यांची सारखी दिसते, व्होल्ट वेगळे.